कोकमाच्या आगळाचा बाण

डिपोटीसाहेब घड्याळ बघत होते आणि आमचा बाण वाळूत ढिम्म उभा होता.

डिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. सन तीसच्या आसपासची गोष्ट. श्रीवर्धनजवळच्या एका कोळीवाड्यात मी एकटाच मास्तर. मागच्या तपासणीत साहेबांनी शेरेबुकात लिहिलं होतं, हजेरी सुधारली नाही तर शाळा बंद करून मुलं गावच्या शाळेला जोडावीत. गाव दोन कोस, मध्ये खाडी. माझी फार तर बदली झाली असती. पण वाड्यातली पोरं, त्यात मुली, तिकडे कशाला जातात?

मुलं यायची नाहीत, कारण सुकत घातलेली मासळी कावळ्यांपासून राखायची असे. त्यांना ओढायला मी वस्तुपाठ काढला. वस्तुपाठ म्हणजे वस्तू हातात देऊन शिकवणं. आज रॉकेट म्हणतात, आम्ही बाण म्हणायचो. सामान घरचंच. एका टोकाला बंद अशी पातळ कळकाची नळी, खायचा सोडा, कोकमाचं आगळ म्हणजे आंबट लाल रस. नळीत आगळ ओतायचं, सोड्याची पुडी टाकायची, नारळाच्या सोडणाचं, म्हणजे वरच्या सालीचं, बूच बसवायचं, नळी उलटी उभी करून पळायचं. आत वायू कोंडतो, बूच खाली सुटतं, नळी वर जाते. दाराएवढी उडाली तरी पोरं नाचायची. मासळी म्हाताऱ्यांच्या हवाली करून पोरं शाळेत येऊ लागली. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

"मस्टर भरलंय, मास्तर," तपासणीला आल्या आल्या साहेब म्हणाले होते, "पण ही पोरं शिकतात काय?"

म्हणून बाण लावला. तो उडेना.

"बंद करा हा तमाशा," साहेब म्हणाले.

बाण हिरीने आणला होता. धर्मा तांडेलाची मुलगी, तिसरीतली. मी विचारलं, "हिरे, बूच कोणी केलं?"

"बाबान, गुर्जी. होडीची फट बुजवतात तसं. कापूस गुंडाळला, राळ लावली. म्हनला, सायेब येनार, थेंब गळाया नको."

धर्मा मागेच उभा होता. त्याने मान खाली घातली. जन्मभर पाणी अडवलेला माणूस, शाळेसाठी त्याने जीव लावून बूच केलं होतं.

साहेब हिरीकडे वळले. "मग बाण का उडत नाही, सांग."

"वारा कोंडलाय, सायेब. त्याला वाट न्हाय. तो खाली सुटंल तवा नळी वर जाईल. आता एक तर बूच जाईल, न्हाय तर कळक फुटंल. लांब व्हा."

साहेब हसले. लांब मात्र झाले नाहीत. तिथेच खुर्चीवर बसून शेरेबुक उघडलं, दोन ओळी लिहिल्या, आणि कळक फुटला.

पांढऱ्या कोटावर आणि उघड्या पानावर आगळाची लाल नक्षी उठली. साहेबांनी रुमालाने चष्मा पुसला, हिरीकडे पाहिलं, आणि खाली सही केली.

त्या दोन ओळी अशा होत्या: "मुले घडते त्याचे कारण सांगतात. शाळा चालू ठेवावी." त्या पानावरचा डाग पुढे फिका झाला, गेला नाही.

होडी बुजवणाऱ्याकडून बाणाचं बूच करून घेऊ नये, एवढं मी त्या दिवशी शिकलो. बाकीचं हिरीला माझ्या आधीच समजलं होतं.