अप्पांच्या तळहातावरचा भोवरा

मी परभणीत राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी तालीम आहे. वर्षातून एकदा तिथल्या हौद्यातली माती बदलतात. नवी तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस असं काय काय घालतात, आणि मग दोन-तीन दिवस सगळ्या गल्लीला एक ओलसर, आंबूस, गोडसर वास येत राहतो. येणारे-जाणारे थांबून तो छातीभर घेतात. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर तर त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून येतात. मी मात्र मान खाली घालून झपाझप पुढे निघतो. माझे कान गरम होतात. डोक्यावरचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरू लागले, पण त्या वासाने कान तापायचे काही थांबले नाहीत.

तरुणपणी मला भोवऱ्याचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच. मिसरूड फुटलं की पोरं भोवरा खुंटीला टांगतात आणि सायकलच्या मागे लागतात. मी पंचविशीत आलो तरी खिशात भोवरा आणि बोटाला जाळी गुंडाळलेली. भोवऱ्याच्या दोरीला आम्ही जाळी म्हणायचो आणि खालच्या खिळ्याला आर. सगळ्यांत अवघड, आणि म्हणून माझी सगळ्यांत लाडकी, ती हातजाळी. भोवरा फेकायचा, पण भुईला टेकू द्यायचा नाही. हवेतच हिसडा देऊन मागे ओढायचा आणि तळहातावर घ्यायचा. तो हातावर आला की आधी थोडा डुलतो, मग ताठ होतो, आणि इतका शांत फिरतो की फिरतोय हेच कळत नाही. ते सुख मला एकट्याला पचेना. थोरामोठ्यांनी भोवरा खेळावा, गावोगाव त्याचे फड भरावेत, असं माझ्या डोक्यात बसलं, आणि मी त्याचा प्रचार करत हिंडू लागलो.

आता आठवलं तरी अंग चोरून घ्यावंसं वाटतं. झरीला पिठाच्या गिरणीसमोर, चुडाव्याला गाडीची वाट बघणाऱ्यांपुढे फलाटावर, ताडकळसच्या आठवडी बाजारात मिरच्यांच्या ढिगांमधल्या मोकळ्या जागेत मी भोवरा फिरवायचो आणि भाषण द्यायचो. मनगटाला जोर येतो, नजर बसते, चित्त एकाग्र होतं. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, विकायला काय आणलंय? काही विकत नाही म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. दंतमंजनवाल्याचा लोकांना भरवसा वाटे, माझा वाटत नसे. त्यातून ती नामांतराची वर्षं. रस्त्यावर चार डोकी जमली की पाचवा आधी लांबून अंदाज घ्यायचा. एकदा माझ्याभोवतीची गर्दी पांगवायला आलेल्या हवालदाराने काठी काखेत धरून मला विचारलं, “कुनाच्या बाजूचे हाव तुमी?” मी म्हणालो, भोवऱ्याच्या. त्याला ती थट्टा वाटली नाही, आणि तेच बरोबर होतं. आमच्या मुलखात माणसांची घरं पेटवली गेली होती, एका नावासाठी लोकांनी काय काय सोसलं होतं, आणि मी धडधाकट गडी लाकडाचा गोळा फिरवून लोकांना एकाग्रता शिकवत होतो. त्या हवालदाराची नजर मला अजून विसरता येत नाही.

माझे वडील, म्हणजे अप्पा, ताडकळसचे किराणा दुकानदार. उंच, सावळे, बोलणं मोजकं. आमच्या घरात महादेवाची भक्ती. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होतं, आणि रोज सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन ते पूजेला बसत. हात छातीसमोर, नजर लिंगावर. त्या वेळी दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी तो हात हलायचा नाही. त्या हाताने ते दुकानातलं काही उचलत नसत. तागडी, पुडे, सुतळी, सगळं उजव्या हाताने. माझ्या खुळाबद्दल ते मला कधी बोलले नाहीत. पण दुकानात येणारे बोलत. अप्पा, तुमचं पोरगं काल बाजारात दिसलं, असं कोणी हसून म्हणालं की ते गूळ फोडता फोडता नुसतं हुं म्हणत. माझ्या लग्नाची बोलणी त्या भोवऱ्यापायी दोनदा मोडली, हे मला फार उशिरा कळलं.

शेजारच्या गावी महादेवाची जत्रा भरायची आणि तिथे कुस्त्यांचा मोठा फड असे. कुस्त्यांच्या मधल्या वेळात मला भोवरा फिरवून दाखवू द्यावा, असा मी ध्यास घेतला. एवढी माणसं एका जागी, सगळ्यांचे डोळे हौद्याकडे, आणखी काय पाहिजे? पण पंच मला दारातही उभं करीनात. मग एक दिवस अप्पाच न सांगता गेले आणि पंचांना शब्द टाकून आले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला काही मागितलं नव्हतं. घरी आल्यावर पायरीवर पाय धूत एवढंच म्हणाले, “मी शब्द दिलाय. तेवढा राख म्हंजे झालं.”

मागच्या लोकांनाही दिसावा म्हणून मी एका सुताराकडून नारळाएवढा भोवरा करून घेतला, त्याला जाड आर ठोकली, तांबडा-पिवळा रंग दिला. आठ-दहा दिवस दुकानासमोरच्या टणक जमिनीवर तो घुमवत राहिलो. जत्रेच्या दिवशी नवी टोपी घालून मी हौद्यात उतरलो, मातीला हात लावून कपाळी लावला, आणि सगळी ताकद लावून भोवरा सोडला. तो आरेसकट मातीत रुतला आणि तिथेच बसला. पैलवानाची पाठ मोडू नये म्हणून हातभर उकरून, तेल-ताक घालून मऊसूत केलेली ती माती. तिच्यावर भोवरा कसा फिरणार? शेंबड्या पोरालाही कळावं ते मला, भोवऱ्याच्या प्रचारकाला, कळलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा फेकला, तो आणखी खोल गेला. मग हसू फुटलं. आधी पुढच्या रांगेत, मग सगळीकडे. हलगीवाल्याने मुद्दाम एक ठोका दिला, तेव्हा तर हसण्याला उधाणच आलं.

मी खिशातला रोजचा लहान भोवरा काढला. हातजाळीला जमीन लागत नाही, हे त्या धांदलीत सुचलं हेच नवल. पहिली चुकली. दुसरीला भोवरा हातावर आला, पण माझी नजर हसणाऱ्या तोंडांवरच होती. भोवरा कलंडायला लागला. तेवढ्यात कडेला कुणीतरी वहाणा काढल्याचं मला दिसलं. अप्पा हौद्यात येत होते. संथपणे, पूजेच्या पाटाकडे जातात तसे. माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डावा हात पुढे केला. “माझ्या हातावर दे.”

मी दिला. त्यांच्या हातावर गेल्या गेल्या भोवरा ताठ झाला. हात छातीसमोर, नजर भोवऱ्यावर, पापणीसुद्धा हलेना. पण तो भोवरा लिंबाएवढा. पहिल्या रांगेच्या मागे कुणालाच तो दिसत नव्हता. साऱ्या जत्रेला दिसलं ते एवढंच की ताडकळसचे शेटजी भर हौद्यात अनवाणी, हात पुढे करून उभे आहेत. मागून कुणीतरी ओरडलं, “अप्पा, काय मागायलाव?” पुन्हा हशा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पांनी मान वर केली नाही. “गप बसा,” ते म्हणाले. “फिरायलाय.” भोवरा मंदावला, घेरी घेऊन त्यांच्या बोटांवर आडवा झाला, तेव्हाच त्यांनी मूठ मिटली आणि ते बाहेर पडले. पुढची कुस्ती पुकारली गेली.

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. ज्या हाताला त्यांनी आयुष्यभर जपलं, तो मी भर जत्रेत हशाचा विषय केला होता. सकाळी मी दाराआडून बघत होतो. त्यांच्या डाव्या तळहातावर मधोमध आरेचा तांबडा ठिपका होता. आता ते काय करतील, हात बदलतील का? त्यांनी हात धुतला, नेहमीसारखं भस्म लावलं आणि लिंग त्याच जागी ठेवलं. पूजा झाल्यावर, मी तिथे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखं, ते म्हणाले, “रोज पूजेला बसलो की मन दुकानात जातंय. काल न्हाई गेलं.”

एवढ्या वर्षांच्या माझ्या प्रचाराला मिळालेला तो एकच माणूस. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटली ती शरमच, आणि ती आदल्या दिवसापेक्षा मोठी होती. काल मला हसणारी माणसं दिसत होती. अप्पांना फक्त भोवरा दिसत होता.

पुढे मी चारचौघांत भोवरा काढला नाही. प्रचार संपला, लग्न झालं, मी परभणीला आलो, दुकान काही वर्षांनी धाकट्या भावाकडे गेलं. पण मी ताडकळसला असेन तेव्हा, भर दुपारी, गिऱ्हाईक नसलं की अप्पा कधीतरी डावा हात माझ्यापुढे करायचे. मी कपाटामागून भोवरा काढायचो, जाळी गुंडाळायचो, आणि फेकण्याआधी दाराशी जाऊन रस्त्यावरून कुणी बघत नाही ना, याची खात्री करून घ्यायचो. मी परत येईपर्यंत त्यांचा हात तसाच पुढे असायचा. त्यांनी दाराकडे कधी बघितलं नाही.