मोहोराचं कारण

मी गाव सोडलं तेव्हा शिंकत होतो. कातळावरच्या वळणावर एसटी दिसली, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझी वळकटी उचलली, आई म्हणाली, "जपून र्‍हा, बाबू." मला तिला धड उत्तर देता येईना, कारण एकामागून एक शिंका चालू होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईला वाटलं पोरगा रडतोय, म्हणून तीही रडायला लागली. खरं सांगतो, मी रडत नव्हतो. पुण्याला नोकरी लागली होती आणि कधी एकदा गाडी सुटतेय असं मला झालं होतं. जानेवारीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कलमं मोहोरलेली. "मोहोर सोसत नाय ह्याला," अण्णा म्हणाले. गाडी आंबा घाट चढली आणि शिंका थांबल्या. तेव्हापासून घरात सगळ्यांनी ते गृहीतच धरलं.

पुढे ते मला फार सोयीचं पडलं. आपल्याकडे माणूस कुठेही असो, गणपतीला आणि शिमग्याला घरी येतोच. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारोदार फिरते. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक जुना रायवळ आंबा होता. पालखी त्याच्या सावलीत टेकायची आणि उठताना घरच्या मुलाने तिला खांदा द्यायचा. पहिल्या वर्षी मी गेलो आणि तिन्ही दिवस शिंकलो. दुसऱ्या वर्षी रजा मिळाली नाही, पण फोनवर मी रजेचं बोललोच नाही, मोहोराचं बोललो. तिसऱ्या वर्षी रजा होती. आम्ही मित्र महाबळेश्वरला गेलो आणि घरी पुन्हा मोहोराचंच सांगितलं. आई म्हणायची, "नको येऊ मंग. तब्येत आधी." ती इतक्या मनापासून म्हणायची की मला थोडा वेळ स्वतःचंच खरं वाटायचं.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले जे गाव सोडून पुण्यामुंबईला, दुबईला गेलात, त्यांच्याकडेही असं एखादं कारण असेल. मी नावं ठेवत नाही, माझं तोंडच नाही तेवढं. आणि आमच्या गावातल्यांनो, तुम्ही दर शिमग्याला अण्णांना विचारायचात, "बाबू नाय आला?" तेव्हा ते माझ्या वतीने माझंच खोटं सांगत राहिले.

मग एका डिसेंबरात आईचा फोन आला. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफीच्या मशीनपाशी उभा होतो. "अण्णांनी खळ्यातला आंबा काढला," ती म्हणाली. "आता दारात मोहोर नाय. शिमग्याला ये." त्या झाडाच्या रसाची साठं, म्हणजे आंबापोळ्या, आई ताटात वाळवायची, डबा भरून मला पाठवायची. ते झाड माझ्या आजोबांच्याही आधीचं होतं. मी "अरे बापरे, कशाला तोडलंत?" एवढंच म्हणालो. आणि त्या वर्षीही गेलो नाही. वाटेवरच्या बागांना मोहोर आहेच ना, असं सांगितलं. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटतेय आणि वाटायलाच हवी.

गेल्या वर्षी पुण्यातच मला धाप लागायला लागली. बायको हात धुऊन मागे लागली, म्हणून चाळिशीत ॲलर्जीची टेस्ट केली. आठवडाभर आधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद. मग हातावर पेनने आकडे घातले, प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब, थेंबातून सुईचं बारीकसं टोचणं. "खाजवायचं नाही हं," नर्स म्हणाली. आंब्याचा कुठला ते मी विचारून घेतलं आणि त्या एकाच आकड्याकडे बघत बसलो. दोन जागी गांधी उठल्या, एक गादीउशांतल्या धुळीतल्या बारीक किड्यांची आणि एक कबुतरांची. आंब्याच्या जागी काहीच नाही. एवढीशी तरी गांध उठू दे, असं मी मनात म्हणत होतो. चांगल्या बातमीने मला घाम फुटला.

मी गावच्या शिंकांचं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आंब्याचा पराग हवेत फारसा उडत नाही. गावाला झोपता कशावर?" त्या पहिल्या शिमग्याला मी येणार म्हणून आईने माळ्यावरची जुनी गादी काढली होती. वळकटीही त्याच माळ्यावरची, एसटीत ती टपावर गेली आणि घाटात शिंका थांबल्या. गणपतीत घर भरलेलं असायचं, तेव्हा मी चटईवर झोपायचो आणि एक शिंक यायची नाही. हे मला इतकी वर्षं दिसत होतं. मी त्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर शिमग्याला जावं लागलं असतं.

यंदा गेलो. पालखी वरच्या वाडीत होती. अण्णा आंब्याच्या उरलेल्या बुंध्यावर बसून नारळ सोलत होते. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं, "अण्णा, मला मोहोराचा त्रास नाहीच. टेस्ट केली. आणि मला ते आधीपासून थोडं थोडं कळत होतं."

"ठाव हाय," अण्णा म्हणाले.

"मग झाड का तोडलंत?"

त्यांनी नारळाची शेंडी ओढून काढली, तो हलवून बघितला. "तुझ्याजवळ तेवढां एकच कारण होतां, बाबू."

एवढ्यात ढोल जवळ आले आणि आई ओटीचं ताट घेऊन बाहेर आली. पालखी खळ्यात टेकली, भर उन्हात. वाडीतली माणसं डोळ्यांवर हात धरून उभी राहिली, म्हातारे घामाघूम झाले, सावलीचं कुणीच काही बोललं नाही. मग मी खांदा दिला. अण्णांनी मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

हल्ली घर म्हटलं की मला ते ऊन दिसतं. त्यात माझी माणसं उभी असतात, आणि ते ऊन कुणामुळे आलं हे माहीत असूनही मला "आलास? बरां झालां" म्हणतात.