कडूबाचं तास आणि डावा कान

जानेफळच्या शिवारात कडूबाची तिफन म्हणजे दोरीनं आखलेली ओळ. पेरणीचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, त्यानं धरायची, मग बाकीच्यांनी, असा गावचा रिवाज. आणि चौसष्ट साली याच माणसानं ज्वारी अशी पेरली, की उगवल्यावर वावरातून साप गेल्यासारखं दिसलं.

आमच्याकडं अशा वेळी आधी बैल तपासतात. अंगावरचे केसांचे भोवरे पाहून बैलाची लक्षणं सांगणारा कारभारी नावाचा जाणकार आला. त्यानं दोन्ही बैल शिंगापासून शेपटीपर्यंत पाहिले, निर्दोष सोडले. मग म्हणे, हाकणाराही पाहून घेऊ. कडूबाची टोपी काढली, तर डोक्यावर दोन भोवरे! असा बैल कोणी फुकटातही घेत नाही. पुढच्या साली पहिलं तास दुसऱ्याचं, असं ठरून गेलं. कडूबा दोन दिवस जेवला नाही.

खरं काय ते त्याच्या बायकोला, झुंबरबाईला ठाऊक. त्याचा डावा कान गुणगुणायचा आणि मग अख्खं वावर गरगर फिरायचं. मी त्यांच्या शेजारचा, सातवी पास, म्हणून नागपूरच्या दवाखान्यात मलाच सोबत नेलं. डॉक्टरांनी कानात थंड पाणी सोडलं आणि डोळ्यांकडं पाहत बसले.

"बिमारी कानात, अन् हे डोये पाह्यते," झुंबरबाई माझ्या कानाशी कुजबुजली.

डॉक्टरांनी समजावलं, की कानाच्या आत हाडात बारीक नळ्या असतात, त्या शरीराचा तोल धरतात, आणि त्यांचा बिघाड डोळ्यांच्या हालचालीत दिसतो. डावीकडच्या बिघडल्यात, गोळ्यांनी भागत नाही, काढाव्या लागतील. तो कान कायमचा बंद होईल, पण उजवा दोघांचं काम शिकेल.

कडूबानं एकच विचारलं, "साहेब, तास सरळ येईन काय?"

"आधी चालायला शिका. मग येईल."

कानामागचं हाड कोरून ऑपरेशन झालं. गावात आल्याबरोबर कारभारीनं टोपी काढून भोवरे मोजले. दोनच्या दोन! डॉक्टरनं भलत्याच जागी कापलं, असा त्यानं निकाल दिला. इकडं कडूबाला दवाखान्यात सांगितलेलं, की तोल शिकायला मान डावी-उजवीकडं वळवत चाला. तो गल्लीतून तसा निघाला, की घरात डोकावतो समजून बाया दारं लावून घेत.

पेरणी आली. झुंबरबाई पारावर जाऊन भांडली, तेव्हा एक तास मिळालं. सगळा गाव वावराच्या कडेला, धुऱ्यावर. तिफन निघाली, मागं डाव्या अंगाला झुंबरबाई चाड्यात दाणे सोडत. अर्ध्या वावरात तिची ओटी रिकामी झाली. ती थांबा थांबा म्हणत राहिली, पण डावा कान तो! कडूबा थेट धुऱ्याला जाऊन थांबला. अर्धं तास ज्वारीचं, अर्धं हवेचं. पण सरळ असं, की कारभारी वाकून, एक डोळा मिटून पाहतच राहिला.

"तास कडूबाचंच," तो शेवटी म्हणाला. "दाना बाईचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईनं नवऱ्याच्या दंडाला कासरा बांधला. ओढला की थांबायचं. पुढं वीस वर्षं जानेफळची पेरणी अशीच सुरू झाली. कोणी हसलं तर ती म्हणायची, "दोन बैलाले ते हाकते, तिसऱ्याले मी."