कारपेटखाली गेलेला कॉक

सकाळपासून लिहीन लिहीन म्हणून टाळत राहिलो, कारण लिहायला बसलं की रडू येतंय.

लातुरात आमच्या पुढच्या खोलीत फरशीखाली हौद आहे. नळाचं पाणी त्यात सोडायचा कॉकही तिथंच, लोखंडी झाकणाखाली. काल मीच खोलीत कारपेट चिकटवलं. झाकणापुरता चौकोन कापून उचलता येईल असा ठेवायचं ठरलं होतं. तेवढ्यात माझा दोस्त मुजीब गाडी घेऊन आला. म्हणाला, "चल बे, उदगीरला नव्या जिल्ह्याच्या मागणीचा मोर्चा हाय." मला गर्दी बघायला लई आवडते. गेलो, अन् कापायचं राहिलं.

आज सकाळी, कितीतरी दिवसांनी, गल्लीत नळ आला.

आई ओरडली, "कॉक खोल रे!" सोल्यूशन वाळून दगड झालेलं. झाकण नेमकं कुठं, तेच हाताला लागेना. विळ्यानं फाडत कॉकपर्यंत पोचलो, तोवर नळ गेलेला; खोलला तर पाइपातून नुसती हवा फुसफुसत होती.

आई चिंध्यांकडं बघून म्हणाली, "घे आता, हे पिळून पी." मग तिलाच रडू आलं. हौदाच्या तळाला बादलीभर असेल-नसेल. पुढचा नळ कधी, कुणालाच माहीत न्हाई.

कारपेट टाकणार असाल तर आधी झाकण मोकळं ठेवा, मोर्चे मग बघा. अन् दोस्तांनो, एखादी घागर पाणी मिळेल का कुणाकडं?

थांबा, दार वाजलं.

हदगावची आत्या आलीय, दोन्ही पोरं अन् पिशव्या घेऊन. म्हणते, "आमचा बोअर आटला बाबा. म्हणलं, भावाच्या घरी नळ तरी हाय."