आठ एमबीची तूट

माझ्या मेहुणीचं लग्न आठ एमबीवरून मोडता मोडता राहिलं, आणि ती आठ एमबी शोधून काढणारा मी होतो.

तेव्हा मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. माल आला की चलनाशी ताडून मोजून घ्यायचा, कमी भरला की भांडायचं, हे माझं काम. (हे काम मी घरी दूधवाल्याशीही करतो, असं माझी बायको शोभा म्हणते.) शिवाय संध्याकाळचा तीन महिन्यांचा काँप्युटरचा कोर्स केल्यामुळे सासुरवाडीत माझा दरारा होता. मखमलाबादला माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, गुलाबाची आणि कोथिंबिरीची शेती. त्यांच्या घरात टीव्हीची पिन हलली तरी मला निरोप यायचा.

धाकटी मेहुणी कल्पना कॉलेजात काँप्युटरच शिकत होती. तिच्यासाठी मामांनी कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून काँप्युटर घेतला आणि मला म्हणाले, "जावईबापू, एकदा नजर टाका. आपल्याला त्यातलं काय कळत नाय."

नजर टाका, असं म्हटल्यावर मी मोकळ्या हातांनी कसा जाणार? एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घेऊन गेलो. तिच्यावर एक मोफत प्रोग्राम होता. तो चालवला की काँप्युटरच्या पोटात काय काय आहे, सगळं पडद्यावर यायचं. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क केवढी. अख्खं घर खुर्च्या ओढून बसलं. मामींचं पडद्याला हळदीकुंकू लावायचं राहिलं होतं, ते त्यांनी तेवढ्यात उरकून घेतलं.

मी दुकानाची पावती हातात धरली आणि ताडायला सुरुवात केली. पावतीवर मेमरी दोनशे छप्पन. पडद्यावर दोनशे अठ्ठेचाळीस.

"मामा," मी आवाज खाली आणून म्हणालो, "आठ एमबी कमी आहे."

मग डिस्क पाहिली. पावतीवर चाळीस, पडद्यावर सदतीस आणि वर थोडी. प्रोसेसरचा वेगसुद्धा केसभर कमी! मला तर उत्साहच चढला. कल्पना मागून दोनदा म्हणाली, "दाजी, ते तसंच दाखवतं." मी तिला मायेनं सांगितलं की तू अजून शिकते आहेस, बाजार कसा असतो ते तुला ठाऊक नाही.

मामांना एमबी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण तूट म्हणजे काय ते जन्मापासून माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी मार्केटात माल नेला होता. ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि पिकअप काढायला गेले.

तेवढ्यात शोभानं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं: दुकानाचा मालक संदीप म्हणजे आडगावचा चांगल्या घरचा मुलगा. काँप्युटर बसवायला आला तेव्हा मामींना आवडला, मध्यस्थ घातला, आणि येत्या रविवारी तो कल्पनाला बघायला येणार होता. कल्पनालाही तो पसंत आहे, हे मामींना न सांगता कळलं होतं. मला मात्र कोणी काही बोललं नव्हतं, कारण मी चौकशा फार करतो.

मी धावत अंगणात गेलो. म्हटलं, मामा, जाऊ द्या, आठच आहे. पण मामा काँप्युटरचा डबा गुलाबाच्या क्रेटांमध्ये दोरीनं बांधत होते.

"आठचा सवाल नाय, जावईबापू," ते म्हणाले. "जो आठ एमबी खातो, तो उद्या माझ्या पोरीला काय सांभाळणार?"

मी मागच्या बाजूला क्रेटांमध्ये बसलो. कल्पना मॉनिटर मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. रस्ताभर तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी तिच्या लहानपणाबद्दल काहीतरी बोलून पाहिलं, पण खड्ड्यांत ते ऐकू गेलं नसावं.

दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. होणारे सासरे काँप्युटर खांद्यावर घेऊन आत शिरताना बघून संदीप जागेवरून उठला, नमस्काराला वाकला आणि त्याला घाम फुटला. मामांनी डबा काउंटरवर ठेवून शांतपणे विचारलं, आठ एमबी कुठं आहे. बिचारा समजवायला लागला, पण घाबरल्यामुळे सगळं इंग्रजीत समजवायला लागला. तो जितकं बोलला, तितका मामांचा संशय वाढत गेला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

शेवटी कल्पनानं मॉनिटर खाली ठेवला.

"अण्णा," ती वडिलांना म्हणाली, "आपलं वावर सातबाऱ्यावर एक एकर आहे. मग आपण पुरं एकर लावतो का?"

"कसं लावणार? बांध हाय, पाट हाय."

"मग ती बांधाची जमीन कोणी खाल्ली? ही आठ एमबी बांधाची आहे. पडद्यावर चित्र दाखवायला लागते, म्हणून बाजूला काढून ठेवलेली असते. आणि डिस्कचं म्हणाल, तर बनवणारी कंपनी हजाराला हजार मोजते, काँप्युटर हजार चोवीसला हजार म्हणतो. मार्केटात व्यापारी शेकड्याला वरून चार जुड्या घेतो ना, तसं."

मामांनी थोडा विचार केला. "म्हणजे हा काँप्युटर व्यापारी हाय."

"हो."

दुकानात सगळे हसले. संदीप हसला नाही. तो कल्पनाकडे बघत राहिला.

आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळणार, हे मला दिसत होतं. एक गिऱ्हाईक विचारायलाच लागलं की मग तूट काढली कोणी? जमीन दुभंगावी असं वाटलं, पण दुकान पहिल्या मजल्यावर होतं. तेव्हा मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या थोरल्या जावयानं काढली," ते म्हणाले, आणि ते अभिमानानं म्हणाले. "कमी होतं ते कमीच होतं, त्यांनी बरोबर मोजलं. कुठं गेलं ते पोरीनं सांगितलं. माझ्या घरात दोघं हुशार हायेत."

जावयाचा मान राखण्यासाठी चारचौघांत असं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

संदीपच्या जिवात जीव आला. त्यानं लगबगीनं स्टुलं पुढं केली आणि मला म्हणाला, "बसा ना दाजी, चहा सांगतो."

दाजी! बघण्याचा कार्यक्रम अजून व्हायचा होता. त्याची जीभ घसरल्याचं त्यालाही कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. कल्पना बंद मॉनिटरकडे एकटक बघत बसली. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि चहात साखर कमी घालायला सांगितली.

रविवारचा कार्यक्रम नावापुरता झाला. मामींनी पोहे केले, पण मुलाला काही प्रश्न विचारायचे बाकी नव्हते.

आता मखमलाबादच्या घरात काँप्युटरचं सगळं धाकटे जावई बघतात. मला त्याला हात लावायची परवानगी नाही, आणि ही परवानगी प्रत्यक्ष माझ्या बायकोनं काढून घेतली आहे. पण मार्केटात माल काट्यावर कमी भरतोय असं वाटलं की मामांचा पहिला फोन अजून मलाच येतो. "या लवकर. तुमच्यासारखं भांडणारं घरात दुसरं कोण हाय?" मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जातो, बाह्या सरसावतो, सगळा माल पुन्हा वजनाला लावतो, मोठ्या आवाजात भांडतो. मामा शेजारी उभे राहून कौतुकानं बघतात.

आजपर्यंत एकदाही काटा चुकीचा निघालेला नाही.