मिलिमीटरचा कॉम्प्युटर

मिलिमीटरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा कमरेपासून वरचा भाग कॉम्प्युटरच्या रिकाम्या कॅबिनेटमध्ये होता. दुकानाच्या फरशीवर कॅबिनेट आडवं, हे गृहस्थ पालथे, आणि बाहेर फक्त दोन पाय व एक चप्पल. हल्ली माणूस आत बसवूनच विकतात की काय, असं मला क्षणभर वाटलं. तेवढ्यात आतून विहिरीतल्यासारखा आवाज आला, "तीनशे बारा! लिहा, तीनशे बारा!"

मी माउस घ्यायला गेलो होतो. पण आवाजात असा काही हुकूम होता की मी हातातल्या बिलावर निमूटपणे तीनशे बारा लिहिलं. मग डोकं बाहेर आलं. कानामागे पेन्सिल, हातात स्टीलची पट्टी. "त्यातून एक वजा करा. पत्र्याची जाडी असते," असं म्हणून त्याने मला कायमचा कारकून नेमून टाकलं.

तो घरी बसून एका इंजिनिअरसाठी इमारतींचे नकाशे काढायचा. तीस वर्षं. कुणाच्या घरी गेला तर भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय चहाला हात लावत नसे. त्यामुळे गल्लीत सगळे त्याला मिलिमीटरच म्हणायचे, त्याचं खरं नाव कुणाला आठवतच नव्हतं.

आता इंजिनिअरने फर्मान काढलं होतं. "काका, सोमवारी नवी फाइल पाठवतो, त्रिमितीतली. तुमच्या त्या खटाऱ्यावर उघडणार नाही. उघडलीत तर पुढची सगळी कामं तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

खटाऱ्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यावर साध्या जिन्याचा नकाशा उघडेपर्यंत माणसाची आंघोळ उरकायची. तयार कॉम्प्युटर होता पंचावन्न हजारांचा आणि मिलिमीटरकडे होते चाळीस. सुटे भाग घेऊन जोडला की तेवढ्यात बसतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"काका, सगळं माझ्याकडून घ्या, मी जुळवून देतो," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे तुमचा न खपलेला माल माझ्या गळ्यात! मला मापं कळतात."

मग त्याने दहा दुकानं पालथी घातली आणि प्रत्येक भागाचा नकाशा काढला. वरून, समोरून, मधून कापून. कागद घरभर पसरले. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्यातून चवड्यांवर चालायच्या.

"अहो, जावयाची एवढी चौकशी केली असतीत तर!"

"जावई कॅबिनेटमध्ये बसवायचा नव्हता."

प्रोसेसर एकीकडे जुना मिळाला, तो ज्यावर बसतो तो बोर्ड दुसरीकडे अर्ध्या किमतीत. विकणाऱ्याने विचारलं, "प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे तुमचा?" मिलिमीटरने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "वस्तूंना पिढ्या नसतात हो, मापं असतात. साडेसदतीस बाय साडेसदतीस!" आणि बोर्डावरची जागाही बरोब्बर तेवढीच निघाली. त्याने मला भिंगातून दाखवली. "बघा, मुंगीसुद्धा शिरणार नाही!"

शनिवारी जोडणी झाली. पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, तेवढा तात्पुरता खटाऱ्यातला. प्रोसेसर खट्‌कन बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि पडदा काळा तो काळाच. मिलिमीटरने प्रोसेसर काढला, पुसला, बसवला. सात वेळा. आठव्या वेळी कपाळावरचा घाम पुसत माझ्यावरच ओरडला, "बसतोय ना? मग चालत नाही म्हणजे काय?"

आम्ही पहिल्या दुकानदाराकडे गेलो. त्याने बोर्ड उलटसुलट पाहिला. "काका, हा बोर्ड सातव्या पिढीपर्यंतचा. प्रोसेसर आठवीचा. बोर्ड त्याला ओळखतच नाही."

"अहो, दोघांत पाव मिलिमीटरची फट नाही!"

"फट नाही हो. ओळख नाही."

उघडलेलं खोकं परत घ्यायला कुणी तयार नव्हतं. नवा बोर्ड घ्यावा लागला आणि त्याची भरपाई म्हणून नवा पॉवर सप्लाय स्वस्तातला. दुकानदार काही सांगू लागला, तर मिलिमीटरने हात वर करून त्याला थांबवलं आणि पट्टी लावली. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, स्क्रूची चारही भोकं जागच्या जागी.

रविवारी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मिलिमीटरने ऐटीत एक मोठा नकाशा उघडला, पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्ड कामाला लागलं आणि सगळं फट्‌कन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा नकाशा, पुन्हा बंद. पाचव्यांदा त्याने पट्टी भिंतीवर फेकून मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती उचलायलाही तो उठला नाही.

"या ग्राफिक कार्डासाठी साडेपाचशे वॅटचा सप्लाय लागतो," दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला. "तुमचा पॉवर सप्लाय चारशेचा."

"वॅट कुठून मोजायचे?" मिलिमीटरचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मोजायचे नाहीत, काका. खोक्यावर वाचायचे. तेच सांगत होतो."

हवा तो पॉवर सप्लाय त्याच्याकडे बुधवारी येणार होता. त्याचे पैसे वहिनींनी एक शब्द न बोलता काढून दिले. त्या बोलल्या असत्या तर मिलिमीटरला बरं वाटलं असतं. फाइल सकाळी दहालाच आली होती. त्याने इंजिनिअरला फोन केला.

"दोनच दिवस थांबा हो. मापात सगळं बसलंय."

"काका, ठेकेदार माझ्या डोक्यावर बसलाय. बघतो."

बुधवारी फाइल नऊ सेकंदांत उघडली. मिलिमीटरने इमारत गरगर फिरवली, आत शिरला, जिन्याजवळची भिंत वीस मिलिमीटर सरकलेली पकडली आणि लगेच इंजिनिअरला फोन लावला.

इंजिनिअरने ते काम मंगळवारीच दुसऱ्याकडून करून घेतलं होतं आणि पुढची कामंही त्यालाच देऊन टाकली होती. मिलिमीटर आता एका फर्निचरच्या दुकानात नोकरीला आहे. नऊ ते सहा, रविवारी सुट्टी.