कोंडणारी गड्डी

माझा एक मित्र बोटीवर नोकरीला. रजेवर आला की तो जादूगारांच्या लढाईचे परदेशी पत्ते काढायचा. गड्ड्या तीन. एक पहिल्याच खेळीत मारणारी, दुसरी आपलं प्रत्येक पान हाणून पाडणारी, आणि त्याची लाडकी, कोंडणारी. तिच्यापुढे आपल्याला काहीच खेळता येत नसे. तो सावकाश चहा पीत बघत बसे.

एकदा "हरलो रे," म्हणून मी उठलो, तर त्याने मनगट धरलं.

"बस. मी सांगेन तेव्हा संपेल." आवाज गोड.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीला त्याचं स्थळ आलं. त्या खेळाचं सांगून मी नको म्हटलं.

"पत्त्यांवरनं माणूस ओळखतोस? ह्यासाठी बी.ए. केलंस काय?" बाबा चिडले.

घरातला पहिला पदवीधर मी, बोलण्यात कुणाला हार जात नाही. पण तेव्हा तोंडून एवढंच निघालं, "बाबा, मला त्याची भीती वाटते."